औषधाची खिडकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात गेलात तर पहिली रांग केसपेपर काढायची, दुसरी डॉक्टरांच्या दाराशी आणि शेवटची औषधाच्या खिडकीपुढे. या खिडकीच्या आत जो माणूस असतो, त्याला सरकारी भाषेत ‘औषध निर्माण अधिकारी’ असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात आम्ही तिथे काही निर्माण करत नाही. मिक्श्चर कालवून बाटलीत भरायचं आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, ते दिवस आमच्या आधीच्या पिढीबरोबर गेले. पण नाव मागे राहिलं. लोकांच्या तोंडीही जुनंच नाव आहे, ‘कंपाउंडर’. खिडकीत बाई असेल तर ‘औषधवाल्या सिस्टर’. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या सार्वजनिक रुग्णालयांत वीसहून अधिक वर्षं मी हे काम करते आहे आणि या तिन्ही हाकांना ओ देते.

खिडकीवरचं काम बाहेरून सोपं दिसतं. चिठ्ठी घ्यायची, गोळ्या मोजायच्या, स्ट्रिप कापायची, ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर’ म्हणायचं आणि पुढच्याला बोलवायचं. १९४८ च्या फार्मसी कायद्याने हे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडेच दिलं आहे. २०१५ सालच्या फार्मसी व्यवसाय नियमांनी त्यात स्पष्ट भर घातली, ती अशी की रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणं हेही त्याचं कर्तव्य आहे. नियम कागदावर आला, पण रांग तेवढीच लांब राहिली. ओपीडीच्या वेळेत एका माणसामागे धड एक मिनिट मिळत नाही. पण त्याच मिनिटात बरंच काही ठरतं. डॉक्टरांनी तपासलं, निदान केलं, चिठ्ठी लिहिली. आता ते औषध घरी जाणार, तिथे सासू असणार, उपास असणार, पहाटेची लोकल असणार, लाज असणार आणि भीतीही असणार. या सगळ्यातून गोळी पोटात जाईल की नाही, हे विचारणारं रुग्णालयातलं शेवटचं माणूस म्हणजे आम्ही.

आमच्या भागात ही विचारपूस किती निरनिराळ्या माणसांची करावी लागते, ते पाहा. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत सुमारे १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे १२ लाख ४७ हजार लोक होते. पण आकडा सोडा, रांग बघा. मुंब्र्याची उर्दू-हिंदी बोलणारी बाई, तिच्या मागे आगरी गावातले आजोबा, त्यांच्या मागे डोंबिवलीतले निवृत्त कारकून, मग गुजराती बोलणाऱ्या जैन काकू, उल्हासनगरहून आलेलं सिंधी जोडपं, भिवंडीच्या यंत्रमागावरचा उत्तर प्रदेशातला किंवा तेलुगू कामगार, आणि शहापूर-मुरबाडकडून आलेलं कातकरी किंवा ठाकूर कुटुंब. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी ठाणे जिल्ह्यात डोंगर, खाडी आणि महानगर तिन्ही उरली. एकच वाक्य या सगळ्यांना सारखं लागू पडेल, असं मानणं हा आमच्या कामातला सर्वांत मोठा धोका आहे.

या धोक्याविषयी नीट विचार करायला एका दूरच्या देशातल्या परिचारिकेने सुरुवात केली. न्यूझीलंडमध्ये माओरी हे मूळ रहिवासी. त्यांच्यातल्या इरिहापेटी रॅम्सडेन या परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक कल्पना मांडली. तिला मराठीत ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ म्हणावं लागेल. शब्द जरा जड आहे, पण अर्थ साधा आहे. रुग्णालयात चुकीचं इंजेक्शन दिलं तर रुग्णाला इजा होते. तशीच, त्याच्या रीतीभातींना हसून, त्याला कमी लेखून, त्याचं न ऐकून वागवलं तरी इजा होते, कारण तो माणूस पुन्हा येत नाही आणि आजार वाढतो. रॅम्सडेन यांच्या म्हणण्यातला खरा कस पुढे आहे. सेवा सुरक्षित झाली की नाही हे देणाऱ्याने ठरवायचं नाही, घेणाऱ्याने ठरवायचं. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय अभ्यासक्रमात घेतला. त्यावरून तिथल्या वर्तमानपत्रांत बरीच खळखळ झाली. पण विषय टिकला.

पुष्कळांना वाटतं, म्हणजे प्रत्येक जातीधर्माच्या चालीरीती पाठ करायच्या. मुसलमानांचं हे, जैनांचं ते, आदिवासींचं आणखी काही. रॅम्सडेन यांना ते अभिप्रेत नव्हतं आणि माझ्या अनुभवात ते उपयोगाचंही नाही. सगळे मुसलमान रोजे धरत नाहीत, सगळे जैन सूर्यास्तानंतर जेवण सोडत नाहीत आणि सगळ्या मराठी बायका गुरुवार करत नाहीत. यादी पाठ करणारा माणूस समोरच्याचं नाव वाचतो आणि त्याच्या घरात काय चालत असेल ते ठरवून मोकळा होतो. त्यापेक्षा विचारलेलं बरं. ‘तुमच्याकडे जेवणं किती वाजता होतात?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो आणि तो कोणालाही टोचत नाही.

हा विचार अगदीच परका आहे असंही नाही. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात बोलल्या, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टर का हव्यात हे सांगितलं होतं. पुरुष डॉक्टरपुढे आपलं दुखणं उघड करायला बायका तयार नसतात आणि त्यामुळे उपचारावाचून राहतात, हा त्यांचा मुद्दा. औषध आहे, डॉक्टर आहे, तरीही मधलं अंतर ओलांडता येत नाही, हे त्यांना अठरा वर्षांच्या आतच कळलं होतं. ते अंतर आजही खिडकीवर रोज दिसतं.

त्याचं उदाहरण सांगते. ऐकायला अवघड वाटेल, पण सांगितलंच पाहिजे. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीवर एक गोळी दिली जाते. ती गिळायची नसते, रात्री झोपताना योनिमार्गात आत ठेवायची असते. आता खिडकीत पुरुष, मागे रांग, रांगेत ओळखीचे चार लोक. तो बिचारा मान खाली घालून म्हणतो, ‘ही खाली ठेवायची.’ बाई मान डोलावते. खाली म्हणजे कुठे? दुसरीकडून अशी गोळी घेतलेली एक बाई माझ्याकडे आली होती. तिने सहाच्या सहा गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या होत्या आणि ‘गुण येत नाही’ म्हणत होती. यात तिचा काय दोष? दोघांनीही लाजेखातर एक शब्द टाळला आणि औषध वाया गेलं. दम्याच्या कॅप्सूलचंही असंच. ती यंत्रात घालून ओढायची असते, पण दिसते गिळायच्या कॅप्सूलसारखी. दाखवलं नाही तर माणूस ती गिळणारच.

म्हणून अशा वेळी बाईला बाजूला घ्यायचं, शक्य असेल तर बाईने सांगायचं, कागदावर साधं चित्र काढायचं आणि शेवटी तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ‘आता घरी जाऊन काय करणार ते मला सांगा.’ ‘समजलं का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ‘समजलं का?’ला आपल्याकडे उत्तर एकच, ‘हो’.

उपासतापासाचा भाग याहून गुंतागुंतीचा आहे. रमजानच्या महिन्यात मुंब्रा-भिवंडीकडचे मधुमेहाचे रुग्ण दिवसाचे तेरा-चौदा तास अन्नपाण्याशिवाय राहतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी सकाळी घेऊन मग दिवसभर काही खाल्लं नाही, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, डोकं गरगरतं. अशा वेळी रोजा सोडून लगेच साखर किंवा गोड काही घ्यावं लागतं. इस्लाममध्ये आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे, हे आम्हाला खिडकीतून सांगणं फार सोपं असतं. पण ते सांगण्याचा अधिकार आमचा नाही, आणि ज्याला रोजा धरायचाच आहे तो आमचं ऐकून मान डोलावतो व घरी जाऊन स्वतःच्या मनाने गोळ्यांची वेळ बदलतो. घात होतो तो इथे. त्यापेक्षा रमजानला महिना-दीड महिना असतानाच ‘यंदा रोजे धरणार का?’ असं साध्या आवाजात विचारलं, तर माणूस मोकळेपणाने सांगतो. मग त्याला डॉक्टरांकडे परत पाठवता येतं, आणि सहेरीला काय, इफ्तारला काय, कोणती गोळी कमी करायची, हे त्यांना ठरवता येतं. काहींना डॉक्टर रोजा धरूच नका असं सांगतात. ते डॉक्टरांनी सांगितलं आणि घरच्या मौलानांनी दुजोरा दिला, की बहुतेक जण मानतात.

हिंदू घरांतला उपास कमी अवघड नाही. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, चतुर्थी. आमच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ‘जेवणानंतर’. बाईचा उपास आहे, म्हणजे जेवण नाही, म्हणजे गोळी नाही! तिने आमची सूचना अक्षरशः पाळलेली असते. रक्तदाबाच्या ज्या अम्लोडिपिनच्या गोळीला जेवणाशी काही देणंघेणंच नाही, तीही या ‘जेवणानंतर’मुळे नवरात्रात नऊ दिवस डब्यात राहते. आता मी रक्तदाबवाल्यांना सांगते, ‘रोज एका ठरलेल्या वेळेला, उपास असो नसो.’ शिवाय मधुमेहाच्या बाईने उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर राजगिऱ्याचा लाडू खाल्ला, तर साखर खाली जाण्याऐवजी वर जाते, तो आणखी वेगळा प्रश्न. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांना ‘रात्री झोपताना’ असं लिहून दिलेली गोळी झोपताना घेतलीच जात नाही. बऱ्याच गोळ्यांची वेळ संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी आणता येते. पण आठ-आठ तासांनी घ्यायच्या प्रतिजैविकाचं तसं जमत नाही. मग डॉक्टरांना फोन करून दोन वेळा घ्यायचं दुसरं औषध आहे का ते विचारायचं. असतं पुष्कळदा. विचारावं लागतं, इतकंच.

आणि संस्कृती म्हटलं की आपण लगेच धर्माकडे वळतो. डोंबिवलीची संस्कृती तर लोकलच्या वेळापत्रकात आहे! पहाटे घर सोडणाऱ्याला ‘नाश्त्यानंतर’ म्हणून काय उपयोग? त्याचा नाश्ता ऑफिसात साडेदहाला. यंत्रमागावरचा बारा तासांची पाळी करणारा कामगार आठवड्याआड रात्रपाळीला असतो. त्याची सकाळ संध्याकाळी सुरू होते. ‘सकाळची गोळी’ तो उठल्यावर घेणार की सूर्य उगवल्यावर, हे आपण सांगितलं नाही तर तो त्याच्या अकलेने ठरवतो. पाण्याची गोळी म्हणतात ती लघवी जास्त करणारी गोळी आहे. ती घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये दीड तास उभं राहायचं, या भीतीने ती गोळी कित्येक नोकरदार सोडून देतात आणि डॉक्टरांपुढे कबूल करत नाहीत. खिडकीत विचारलं तर सांगतात. बहुतेकदा वेळ बदलून काम भागतं.

यापेक्षा खोल गेलेली गोष्ट म्हणजे ‘उष्ण’ आणि ‘पथ्य’. मराठी माणूस औषध घेतल्यावर हमखास विचारतो, ‘पथ्य काय?’ आमच्या शिक्षणात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ‘पथ्य काही नाही’ असं म्हटलं की रुग्णाचा चेहरा पडतो. ज्या औषधाला पथ्य नाही ते औषध कसलं, असं त्याला वाटतं. पण हा प्रश्न म्हणजे आमच्यासाठी उघडलेलं दार आहे. गरोदर बाईला लोहाची लाल गोळी दिली आणि तिने पथ्य विचारलं की मी सांगते, ‘चहाबरोबर घ्यायची नाही, चहा आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवायचं. लिंबू पिळलेलं पाणी चालेल, उलट चांगलं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला.’ हे सगळं शास्त्राला धरून आहे, आणि पथ्य म्हणून सांगितलेलं ती निष्ठेने पाळते. सूचना म्हणून सांगितलेलं ती विसरते.

त्याच लाल गोळीविषयी भीतीही पुष्कळ. ‘गोळी उष्ण पडते’, ‘बाळ काळं होतं’, ‘बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं’. गोळी सुरू केल्यावर शौचाला काळं होतं, पोटात मळमळतं आणि ही भीती खरी झाल्यासारखी वाटते. ‘अंधश्रद्धा आहे’ म्हणून फटकारलं तर बाई गोळ्या घेऊन जाते आणि त्या फडताळात ठेवते. आधीच सांगितलं, की शौचाला काळं होईल, ते लोहामुळे, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, मळमळलं तर रात्री जेवल्यावर घ्या, तर निम्मी भीती तिथेच जाते. सासू बरोबर असेल तर मी सासूकडे बघून सांगते. घरात गोळी द्यायची की नाही हे बऱ्याचदा तिच्या हातात असतं.

क्षयरोगाच्या बाबतीत हे आधी सांगणं फारच महत्त्वाचं. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-नारिंगी होते. ज्याला सांगितलेलं नाही तो ते रक्त समजतो आणि गोळ्या बंद करतो. २०१७ पासून आपल्याकडे क्षयाची औषधं दररोज घ्यायची पद्धत आली. त्याआधी ती दिवसाआड असायची. साध्या क्षयाला निदान सहा महिने लागतात आणि मध्येच सोडलं तर औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो. हेच रिफाम्पिसिन माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं. क्षयाचे उपचार घेणारी तरुण बाई पाळणा लांबवण्याच्या गोळ्या गुपचूप घेत असेल, घरात कोणाला ठाऊक नसेल, तर हे तिला कोण सांगणार? नवरा किंवा सासू शेजारी उभी असताना मी हे विचारू शकत नाही. मी सांगते, ‘तुम्ही जरा बाहेर बसा, यांचं वजन नोंदवायचं आहे.’ एवढा बहाणा मला क्षम्य वाटतो.

आता हळदी समारंभाचं सांगते. आमच्या भागातल्या आगरी-कोळी गावांत हळदीची रात्र मोठी असते, हे ठाणेकरांना सांगायला नको. ‘दारूवर गोळी घ्यायची नाही’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. ते ऐकून लग्नसराईत दारू सोडणारे कमी, गोळी सोडणारे जास्त! क्षयाच्या औषधांचा यकृतावर ताण पडतो आणि त्यात दारू, म्हणून ती सोडा हे सांगावंच लागतं, कारण ते खरं आहे. पण ज्या टोनात सांगतो त्यावर सारं अवलंबून. आगरी बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहज ‘तू’ म्हणतात. खिडकीशी आलेले आजोबा ‘तू दे ना गो गोळी’ म्हणाले की नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना राग येतो. त्यांना आम्ही सांगतो, हा अपमान नाही, आपलेपणा आहे. उलट आपण खिडकीतून एखाद्या आदिवासी बाईला ‘ए, इकडे ये’ म्हणतो, तो मात्र खराच अपमान असतो. शब्द एकच असला तरी कोण कोणाला म्हणतो, याला महत्त्व आहे.

कातकरी आणि ठाकूर कुटुंबांकडे बघताना तर हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. महिन्याचं औषध दिलं आणि ‘पुढच्या महिन्यात या’ सांगितलं, तर ते येणार कुठून? कागदावर त्यांची नोंद ‘उपचार सोडले’ अशी होते. म्हणून औषध देतानाच विचारायचं, ‘भट्टीवर कधी जाणार, कुठल्या गावाला?’ क्षयाच्या रुग्णाचं नाव आता निक्षय या संगणक प्रणालीत असतं, त्यामुळे त्याचे उपचार दुसऱ्या ठिकाणी वळवता येतात. फक्त तो जाण्याआधी कळलं पाहिजे, आणि ज्याने तुमच्याकडून कधी गोड शब्द ऐकलेला नाही तो तुम्हाला जाताना सांगून जात नाही.

भगताचं औषध, काविळीचा पाला, गंडा, भस्म यांविषयीही असंच. ‘भगताकडे गेला होतात का?’ असं आवाज चढवून विचारलं की उत्तर ‘नाही’. ‘अजून कुठलं औषध चालू आहे का? झाडपाल्याचं, वैदूचं, कुठलंही?’ असं विचारलं की पिशवीतून पुडी निघते. काही भस्मांमधून शिसं पोटात जाण्याचा धोका असतो, म्हणून हे कळणं आवश्यक असतं. गोवर आला की अनेक घरांत ‘देवी आली’ म्हणतात. फोडणी बंद, कडुलिंबाचा पाला दाराला, आणि औषधही बंद, कारण देवीला राग येईल. २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगावकडे गोवराची साथ आली होती. गोवर झालेल्या मुलाला व्हिटॅमिन ए चे दोन डोस सलग दोन दिवस देतात. त्याने डोळे आणि जीव वाचतो. कडुलिंबाच्या पाल्याला आमची काहीच हरकत नाही. पाला दाराला राहू द्या, फोडणी नको तर नको, पण हे दोन थेंबडोस द्या आणि पोराला पाणी पाजत राहा. असं म्हटलं की आई ऐकते. तिच्या देवीला आम्ही घराबाहेर काढत नाही, हे तिला दिसलेलं असतं.

एक प्रश्न मला वारंवार येतो, ‘कॅप्सूल कशाची असते?’ नेहमीच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. शाकाहारी विचारतात, मुसलमानही वेगळ्या कारणाने विचारतात. ‘काही नसतं हो, घ्या’ हे उत्तर मी देत नाही. खरं सांगते, मग गोळी किंवा पातळ औषध उपलब्ध आहे का ते बघते. कॅप्सूल फोडून आतली पूड घ्यावी का? प्रत्येक वेळी नाही. ओमेप्राझोलसारख्या कॅप्सूलमधले दाणे आम्लापासून जपण्यासाठी लेपलेले असतात, ते चावले की औषध फुकट. आणि पर्याय नसेल तर तेही सांगते. घ्यायचं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. बहुतेक जण घेतात. खोटं बोलून दिलेलं औषध पुढे कधीतरी कळतं, आणि मग त्या घराचा विश्वास कायमचा जातो.

आता ज्याविषयी आपल्याकडे कमी बोललं जातं, ते बोलते. हातात देण्याविषयी. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानातल्या काही गावांत दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. भेदभाव नेमका कुठे होतो, तर नाडी बघण्यासारख्या स्पर्शाच्या क्षणी आणि औषध देण्याच्या क्षणी, असं त्यात दिसलं. औषध वरून टाकणं, हाताला हात लागू न देणं. आपल्या शहरांत असं होत नाही, असं आपण म्हणतो. पण काउंटरवर औषध आपटून सरकवणं आणि ते समोरच्याच्या तळहातावर ठेवणं यांत काय फरक आहे, तो ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वरून टाकलेलं घेतलं गेलं त्यांना बरोबर कळतो. म्हणून मी औषध हातावर ठेवते. गर्दीत जेमतेम एक सेकंद जास्त जातो.

नाव पुकारण्याचंही तसंच. पूर्ण नाव आणि आडनाव रांगेसमोर ओरडलं की जात कळते, धर्म कळतो आणि औषध कोणत्या खिडकीवरून मिळालं त्यावरून आजारही कळतो. केसपेपरवर एक नाव आणि साडीत उभी असलेली व्यक्ती दुसऱ्या नावाची, अशी तृतीयपंथी व्यक्ती त्या पुकाऱ्याने सगळ्या रांगेचा तमाशा होते. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने तिला ओळख दिली, पण खिडकीवरचा पुकारा कायद्याने बदलत नाही. टोकन नंबर पुकारला की प्रश्न सुटतो. एचआयव्हीची मोफत औषधं सरकारने १ एप्रिल २००४ पासून सुरू केली आणि २०१७ च्या कायद्याने भेदभावाला मनाई केली. तरी घराजवळचं केंद्र सोडून दूरच्या शहरात औषध घ्यायला जाणारे मला माहीत आहेत, घरी पोचण्यापूर्वी बाटलीवरचं लेबल खरवडून काढणारेही. बाटलीतल्या गोळ्या खुळखुळतात म्हणून एकाने तिच्यात कापूस भरला होता.

हे सगळं करायला औषध मात्र हवं. कितीही मायेने बोललं आणि शेवटी ‘हे नाही, बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी दिली तर त्या मायेचा काय उपयोग? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे गेली होती, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. खरेदीचं तंत्र बदलत राहतं, खिडकीवरच्या माणसाला विचारलं जातं ते एकच, ‘आहे का?’ नसेल तर ‘नाही’ स्वच्छ सांगावं, कधी येईल ते माहीत असेल तर सांगावं, आणि तोवर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने स्वस्तात कुठे मिळेल ते लिहून द्यावं. रक्तदाबाची गोळी संपली म्हणून आठ दिवस न घेणारा माणूस आम्ही ‘पुढच्या सोमवारी या’ म्हटल्यामुळेच थांबलेला असतो.

श्रोत्यांकडूनही काही गोष्टी हव्या आहेत. औषध घ्यायला येताना घरात चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, झाडपाला आणि भस्मसुद्धा. उपास करत असाल, रोजे धरणार असाल, रात्रपाळीला असाल, गावी जाणार असाल तर आम्ही विचारायची वाट न बघता सांगा. खिडकीत पुरुष असेल आणि बोलायला अवघड वाटत असेल तर ‘बाईंना बोलवा’ असं म्हणा, त्यात काही गैर नाही. स्ट्रिप कापून दिली असेल तर मुदत संपण्याची तारीख कुठल्या तुकड्यावर राहिली ते विचारा, आणि गोळ्या घेताना तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. आजी-आजोबांच्या पाकिटावर आम्ही सूर्य आणि चंद्र काढतो. सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र. चित्र काढलेलं नसेल तर पेन पुढे करा आणि काढून मागा. चौविहार पाळणाऱ्या एका काकूंनी परवा माझ्याकडून चंद्र खोडून घेतला आणि त्या जागी मावळता सूर्य काढायला लावला.